बुडीआधीचे श्वास

काही जण आईच्या आजारपणामुळे या वाटेला लागतात, काहींना सेवा वगैरे करायची असते. मी मेंदूतला रक्तप्रवाह मोजायला शिकले ती माझ्या एका चुलत काकावर डूख धरून. प्रवेशाच्या मुलाखतीत मात्र ‘या विषयाची मला पहिल्यापासून आवड आहे’ असं सांगितलं. आवड कसली, कपाळाची?

आमचं गाव गोंदियाजवळ, नागऱ्याच्या पुढे, तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला चिकटून. आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार. बाकीच्यांची धानाची शेती, आमची शेती पाण्याखाली. जाळी टाकणारे जाळी टाकतात, पण थंडी सरली की तलावातले कमळाचे कांदे काढायचे ते बुडी मारणाऱ्यांनीच. छातीइतक्या पाण्यात उभं राहून पायाने चिखल चाचपायचा, कांदा लागला की खाली जाऊन तो हाताने मोकळा करायचा, तुटू न देता. घाई केली की तुटतो, त्यात चिखल शिरतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. म्हणून खाली पुष्कळ वेळ राहता यायला हवं. बाबा यात पट्टीचे. ते खाली गेले की पाळीवरचे लोक बोलणं सुरू करत आणि ते वर येईपर्यंत ते बोलणं संपत आलेलं असे.

बुडीआधी आमच्याकडे सगळेच एक गोष्ट करतात. तोंड उघडून भराभर लांब श्वास घ्यायचे आणि सोडायचे, लोहाराच्या भात्यासारखे, आणि शेवटचा आत घेऊन ओठ मिटायचे. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मीही लहानपणी शिंगाड्यांसाठी पाण्यात उतरायची तेव्हा तसंच करायची, आणि असं का करतो हे विचारायचं कधी सुचलंही नाही.

मी बारावीत असताना शहरातून एक सर आले. पाण्याखाली दम धरणाऱ्यांच्या मेंदूला रक्त कसं पुरतं, हे त्यांना पाहायचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात यंत्र मांडलं. कानशिलाजवळ हाड पातळ असतं, तिथे गार मलम लावून एक जाड पेनासारखी वस्तू टेकवायची की आतलं रक्त धावताना ऐकू येतं, सूं-सूं, सूं-सूं. सगळं गाव ते ऐकायला जमलं होतं. सरांनी हिंदीत समजावून सांगितलं. श्वास कोंडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि रक्त जोरात धावतं. निरोगी माणसात हे व्हायलाच हवं. नाकाशी नळी लावून श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं दुसरं यंत्रही त्यांच्याकडे होतं, पण ते येताना गाडीत बिघडलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं. श्वास कोंडला म्हणजे तो वाढणारच, मोजायचं कशाला, असा त्यांचा हिशोब.

आणि झालं भलतंच. जाळीवाल्यांचे आकडे झकास आले. बुडी मारणाऱ्यांचे वाईट. जेवढा माणूस पट्टीचा, तेवढा त्याचा आकडा पडलेला. बाबांचा सगळ्यात खाली. श्वास कोंडूनही त्यांच्या मेंदूतलं रक्त जेमतेम होतं तिथेच राहिलं. सर थोडे गोंधळले, म्हणाले, “एक बार नागपुर में ठीक से जाँच करवा लेना, घबराने की बात नहीं,” आणि यंत्र गुंडाळून निघून गेले.

सरांनी एवढंच सांगितलं होतं. पुढचं काकाने केलं.

काका म्हणजे बाबांचा चुलत भाऊ, वयाने थोरला, आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष. त्या दिवशी तो सरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता, पण स्वतः तपासून घेतलं नाही. पाहुण्यांचं चहापाणी कोण पाहणार, म्हणे. तलावाच्या खोल भागात कांदे जाड आणि लांब निघतात. तो भाग वर्षानुवर्षं बाबांकडे होता, कारण तिथे त्यांच्याइतका टिकणारा दुसरा कोणी नव्हता. काकाच्या डोळ्यात ते सलत होतं, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला.

“उद्या पान्यातच चक्कर आली त कोन जबाबदार? माह्या भावाचा मुर्दा नाही पायजे मले या तलावात.”

लोकांनी माना डोलावल्या. नियम झाला, ज्याचं रक्त वाढत नाही त्याने बुडी मारायची नाही. आणखी दोघं त्यात सापडले, ते पुढे हैदराबादला बांधकामावर निघून गेले. बाबा कुठे जाणार? नागपूरला कुठल्या दवाखान्यात हे यंत्र असतं हे सांगणारंही कोणी नव्हतं. आणि खोल भागात आठवड्याच्या आत कोण उतरलं? आयत्या बिळावर नागोबा.

एवढ्यावर थांबता तर मी कदाचित विसरले असते. पण काकाला एक वाक्य सापडलं होतं. बाबा मीटिंगमध्ये कशावरही बोलायला लागले, मासळीचं बीज सोडण्यावर, पाळ दुरुस्तीवर, की काका हसत म्हणायचा, “तू बस ना बाप्पा, तुह्या डोस्क्यात रक्त नाही पोचत.” लोक हसायचे. पहिल्यांदा बाबाही हसले. मग लग्नात, तेरवीत, पानठेल्यावर तेच वाक्य. हळूहळू बाबांनी बोलणंच सोडलं. पाळीवर एक सपाट दगड आहे, तिथे बसून ते दुसऱ्यांची जाळी शिवायचे आणि खोल भागाकडे बघायचे. मी तेव्हाच ठरवलं की हे वाक्य मी काकाच्या घशात कोंबीन. कसं, ते माहीत नव्हतं.

शिकत गेले. नागपूरला शरीरक्रियाशास्त्राला प्रवेश मिळाला. तिथे एक दिवस तेच यंत्र समोर आलं आणि मॅडमनी वर्गातून मलाच खुर्चीत बसवलं. कानशिलाला मलम, नाकाशी नळी. पडद्यावर दोन रेषा, वर मेंदूतलं रक्त, खाली श्वासातला कार्बन डायऑक्साइड. मॅडम म्हणाल्या, “श्वास धर.” आणि मी, कित्येक वर्षं पाण्यात न उतरलेली, तोंड उघडून भात्यासारखे श्वास घेतले आणि मग ओठ मिटले.

“अगं, हे काय करतेस?” मॅडम ओरडल्या.

मी पडद्याकडे पाहिलं. खालची रेषा कोसळली होती. तिच्यामागे वरचीही. मॅडमनी वर्गाला समजावलं, असं धापा टाकल्यासारखं केलं की शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात. मग श्वास कोंडला तरी तो आधीचा खड्डा भरण्यातच वेळ जातो, प्रवाह वाढलेला दिसतच नाही. कार्बन डायऑक्साइड कमी असला की श्वास घ्यायची ऊर्मीही उशिरा येते, म्हणून बुडी मारणारे असं करतात, आणि त्यात धोका असतो, हेही त्या म्हणाल्या. मला पुढचं ऐकू आलं नाही. मला शाळेचा व्हरांडा दिसत होता, आणि रांगेत बसून एकामागून एक भाते चालवणारे आमचे लोक. बाबांच्या डोक्यात काही बिघडलं नव्हतं. ते त्यांचं काम चोख करत होते, तेवढंच. माझ्या मैत्रिणींना असं काही कळलं की आनंद होतो म्हणे. मी दात-ओठ खात हॉस्टेलवर आले.

त्या सरांना शोधून फोन केला. “वो तो छोटा सा ट्रायल था, बेटा. मैंने तो किसी को मना नहीं किया था,” ते म्हणाले. खरंच होतं ते. मग माझ्या रागाला एकच मालक उरला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा काकासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, काकाजी, बाबांचं मोजमाप चुकलं होतं. त्याने पुढचं वाक्य बोलूच दिलं नाही.

“बापाची वकिली करून रायली का? मशीन आन, मंग पाहू.”

तेव्हा रडू आलं. नंतर वाटलं, बरं झालं बोलू दिलं नाही. का चुकलं, ते मी मग कोणालाच सांगितलं नाही. बाबांना फक्त म्हटलं, तुमचं रक्त ठीक आहे. ते म्हणाले, “बरं.”

पुढे गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात नोकरी लागली. तिथेच जवळ मुर्रीला खोली घेतली. विभागात यंत्र यायला आणखी काही वर्षं गेली आणि व्हरांड्यातल्या त्या तपासणीला दहाएक वर्षं उलटली. बुडी मारणाऱ्या लोकांवर अभ्यास करायची रीतसर परवानगी घेऊन, दोन्ही यंत्रं गाडीत पाठीमागे नीट बांधून, मी थंडी सरताना गावात आले. घोडामैदान जवळ आलं होतं.

मनात सगळं मांडून ठेवलं होतं. काका आधी बसेल, धापा टाकेल, आकडा पडेल. मग बाबा बसतील, धापा टाकतील, आकडा पडेल. मग पडदा लोकांकडे वळवून खालची रेषा दाखवायची, दोघांना धापा न टाकता पुन्हा बसवायचं, आणि दोघांचंही रक्त वाढलेलं सगळ्या गावाला ऐकवायचं. वर विचारायचं, मग काकाजी, एवढी वर्षं माझ्या बापाला कशाला बसवलं?

व्हरांडा तोच. काकाने नारळ फोडला, हार घालून घेतला, आणि मला हवं होतं तेच म्हणाला, “पयला मान अध्यक्षाचा.” साठीला टेकला तरी अजून खोल भागात बुडी मारतो, याचा त्याला माज होता. मी मलम लावलं, नळी लावली. काही वेळ शांत बसवून नेहमीचा प्रवाह टिपला. मग म्हटलं, “काकाजी, दम धरा.”

त्याने तोंड उघडलं आणि असे काही श्वास घेतले की पुढच्या रांगेतली म्हातारी हसली. सूं-सूं मंदावली, श्वास कोंडल्यावर जरा सावरली, एवढंच. मी आकडा मोठ्याने सांगितला आणि म्हटलं, वाढ फार कमी आहे.

मग मागून कोणीतरी, कोण ते मला अजून माहीत नाही, म्हणालं, “म्हंजे अध्यक्षाच्याही डोस्क्यात रक्त नाही पोचत का जी?”

लोक हसले ते काकाचा चेहरा पाहून थांबले, आणि पुन्हा हसले. तो आवाज मी किती वर्षं मनात ऐकला होता. खऱ्यात तो जास्त चांगला होता.

मग बाबा बसले. स्वच्छ सदरा घालून आले होते. मी मलम लावलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. प्रवाह टिपला. म्हटलं, “बाबा, दम धरा,” आणि त्यांच्या धापांची वाट पाहू लागले.

त्यांनी नाकाने एक साधा श्वास घेतला आणि ओठ मिटले.

मला वाटलं, थांबलेत, आता करतील. त्यांनी काहीच केलं नाही. खालची रेषा कोसळली नाही. ती सपाट होती तशी तुटली, आणि वरची चढायला लागली. सूं-सूं वेगात आली, अजून वेगात. लोकांना आवाजावरूनच कळलं. बाबांनी श्वास सोडला तेव्हा टाळ्या पडल्या, कोणीतरी त्यांची पाठ थोपटली. ते लहान मुलासारखे माझ्याकडे बघत होते. “ठीक आहे ना?”

“एकदम ठीक आहे, बाबा.”

त्या गर्दीत मला एकटीलाच कळलं होतं की काय झालं. बुडी मारणाऱ्याला दम धर म्हटलं आणि त्याच्या छातीला काहीच आठवलं नाही. आकडा चांगला आला होता, कारण ते आता बुडी मारणारे राहिले नव्हते.

मी यंत्र बंद केलं. बॅटरी संपली म्हटलं. पडदा कोणाकडे वळवला नाही, खालची रेषा कोणाला दाखवली नाही. मांडलेलं सगळं तिथेच टाकून दिलं आणि काकाचा आकडा होता तसा राहू दिला.

सोसायटीच्या एका म्हाताऱ्या सभासदाने मीटिंगमध्ये शांतपणे सांगितलं, “नियम त तुमीच लावला होता ना.” करावे तसे भरावे. काका पाळीवर आला, बाबा पाण्यात.

पहिल्या सकाळी मी रजा टाकून गेले होते. बाबा छातीपर्यंत उतरले. पायाने चिखल चाचपत होते, खांद्यावरून कळलं की कांदा लागला. खाली गेले आणि लगेच खोकत वर आले. पुन्हा गेले, पुन्हा वर. दहा-बारा दिवस रोज गेले म्हणे. मग मला म्हणाले, “दम नाही पुरत, बाई. वय झालं.”

वय झालं नव्हतं. काका त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

म्हटलं, “बाबा, आधी श्वास घ्यायचे ना तुम्ही, तसे घ्या.”

“कसे?”

मला वाटलं थट्टा करतायत. करत नव्हते. मग त्या पाळीवर उभी राहून मी, त्यांची मुलगी, त्यांना करून दाखवलं. तोंड उघडून, भराभर. त्यांनी माझं पाहून तसं करायचा प्रयत्न केला. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ठसका लागला आणि ते दगडावर बसले.

“त्या दिवशी मशीनवर त्यानं असंच केलतं,” ते म्हणाले.

बाबांच्या डोक्यात रक्त व्यवस्थित पोचतं.

“म्हंजे त्याचं रक्त ठीक आहे.”

“हो.”

“मंग त्याले सांग.”

“सांगीन.”

“कवा?”

“हंगाम सरल्यावर.”

“काठावर बसनं कसं रायते, तुले नाही मालूम.”

“त्यालाही नाही मालूम,” मी म्हटलं. “म्हणूनच.”

बाबा उठून गेले. त्या महिन्यात मुर्रीला आले नाहीत, मी फोन केला की तो आईकडेच देत. मला वाईट वाटलं, पण मी बदलले नाही. काकाचा दोनदा फोन आला. “बाई, एकडाव अजून पाहून दे ना, तुही काकी जेवत नाही चिंतेनं.” मी गोड आवाजात सांगितलं, यंत्र दुरुस्तीला गेलंय काकाजी, आलं की कळवते. पूर्ण हंगाम तो बाबांच्या दगडापासून हातभर अंतरावर बसला. येणारे-जाणारे त्याला ते वाक्य ऐकवत. चांगलं ऐकवत.

कांदे संपले, तलाव आटला, तेव्हा मी मीटिंगला गेले. यंत्र नेलं, पडदा वळवला, काकाला आधी धापा टाकायला लावलं, मग शांत बसवून पुन्हा दम धरायला लावला. सगळ्या गावाने दोन्ही रेषा पाहिल्या. बाबांच्या वेळी काय चुकलं होतं, तेही एकेक करून सांगितलं. काका उभा राहिला.

“म्हंजे तू मले उगाच बसवलं हंगामभर?”

“तुम्ही बाबांना बसवलं तेवढं नाही बसवलं.”

तो खाली बसला. सूड घेतल्यावर मन रितं होतं, असं लोक सांगतात. मला तसं काही झालं नाही. जेवण गोड लागलं, झोपही लागली.

यंदा हंगाम सुरू झाला त्या दिवशी मी पाळीवर होते. खोल भाग सोसायटीने पुन्हा बाबांच्या नावे केला होता. बाबांनीच तो काकाला दिला. मला विचारलं नाही.

काका छातीइतक्या पाण्यात उभा राहिला, पायाने चाचपलं, तोंड उघडलं, आणि त्याचा भाता चालू झाला. जसाच्या तसा. सुंभ जळला नव्हता, पीळ कुठून जाणार? तो खाली गेला. पाळीवरचे लोक बोलायला लागले आणि त्यांचं बोलणं संपत आलं तेव्हा हातभर कांदा घेऊन वर आला, न तुटलेला.

मी बाबांकडे पाहिलं. ते दगडावर बसून जाळं शिवत होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं आणि ते नाकाने संथ श्वास घेत होते.

काकाला एक हंगाम कमीच पडला.